पळी पळी तेल : गावासाठी कायम निधी उभारताना

चाळीसगावपासून काही मैलांवर, पाटणादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथे सापडलेला एक शिलालेख शके ११२८ च्या, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या राजाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण उत्पन्नाचा तपशील येतो तेथे भाषा एकदम बदलून मराठी होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठाला द्यावा आणि जितके घाणे चालतात तितक्यांमागे पळी पळी तेल द्यावे, असे त्यात सांगितले आहे. ज्यांनी ते द्यायचे होते त्या व्यापाऱ्यांना आणि तेल्यांना समजावे म्हणून हा मजकूर त्यांच्या भाषेत कोरला असावा, असे मला वाटते.

गावासाठी कायम निधी उभारू पाहणाऱ्या माणसाने सर्वप्रथम हा लेख डोळ्यांपुढे आणावा, असे मी सुचवतो. त्यात देणगी कशासाठी आहे हे लिहिले आहे, ती कोणाकडून आणि किती प्रमाणात यायची हे लिहिले आहे, आणि एका घाण्याला जड जाणार नाही इतके ते प्रमाण लहान आहे. पुढील मजकूर प्रामुख्याने दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक म्हणजे सुरत, पुणे किंवा नाशिक येथे स्थिरावलेले आणि आपल्या मूळ गावासाठी काहीतरी कायमचे करावे असे वाटणारे. दुसरे म्हणजे गावातच राहणारे आणि एखाद्या वाचनालयाचे किंवा शिक्षण संस्थेचे विश्वस्तपद नुकतेच अंगावर आलेले. मी स्वतः एका ग्रामीण वाचनालयाचे दप्तर बारा वर्षे सांभाळले आहे आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील निम्म्या तरी आमच्या हातून झालेल्या आहेत.

आधी शब्द नीट समजून घ्या

खान्देशात देणाऱ्यांची वाण नाही. श्रावणातले कानबाईचे रोट असोत, हरिनाम सप्ताह असो किंवा यात्रेचा भंडारा असो, वर्गणी एका संध्याकाळी जमते आणि चार दिवसांत खर्चही होते. त्यात गैर काही नाही, कारण ती त्याच कामासाठी जमवलेली असते. कायम निधीची रीत मात्र वेगळी आहे. येथे जमलेले मुद्दल मोडायचे नसते; ते सुरक्षित ठिकाणी गुंतवून त्याच्या व्याजातून ठरलेले काम वर्षानुवर्षे करायचे असते. म्हणून पहिल्या वर्षी कायम निधीतून डोळ्यांत भरण्यासारखे काहीच दिसत नाही. देणाऱ्यांना हे आरंभीच सांगावे, नाहीतर ‘एवढे पैसे गेले कुठे’ ही कुजबुज दुसऱ्याच महिन्यात पारावर सुरू होते.

पहिली पायरी : गावाला विचारा

बाहेरगावी राहणाऱ्या माणसाच्या मनातले गाव तो सोडून गेला त्या वर्षाचे असते. त्यामुळे काय द्यायचे हे शहरात बसून ठरवू नये. शाळेतील शिक्षक, आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि बचत गटातील महिला यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. गावठाणापासून दूर असलेल्या भिल्ल वस्तीवर, तांड्यावर किंवा सातपुड्याच्या बाजूला असाल तर पाड्यावर मुद्दाम जावे, कारण चावडीवरील बैठकीला ती माणसे येत नाहीत आणि आली तरी बोलत नाहीत. बोलणे अहिराणी, तावडी किंवा पावरी अशा तिथल्या बोलीत होऊ द्यावे. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘सर्व ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते.

त्याचबरोबर शासन काय देते हेही पाहून घ्यावे. ग्रामीण शाळकरी मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. त्याच कामासाठी निधी उभारण्यात अर्थ नाही. याउलट तालुक्याच्या गावी राहून शिकणाऱ्या मुलीचे खोलीभाडे, प्रवेश परीक्षेचे शुल्क किंवा रुग्णाला जळगाव-धुळ्याला नेण्याचे गाडीभाडे अशा लहान पण अडवून धरणाऱ्या गरजा कोणत्याही योजनेत सहसा बसत नाहीत. कायम निधीचे खरे काम अशाच फटींमध्ये आहे.

दुसरी पायरी : उद्देश कागदावर उतरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. आमच्या भागातील जवळजवळ प्रत्येक जुन्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक असतो आणि त्यावर ‘कै. आईच्या स्मरणार्थ इयत्ता दहावीत गणितात प्रथम येणाऱ्यास’ अशा मजकुराची तीस-चाळीस नावे असतात. प्रत्येक नावापुढे ५०१ किंवा १,००१ रुपये. ज्या काळी ती ठेव ठेवली त्या काळी तिच्या व्याजात चांगले पुस्तक येत असे. आज १,००१ रुपयांवर वर्षाला साठ-सत्तर रुपये व्याज मिळते आणि त्यात कंपासपेटीही येत नाही. शाळा ते व्याज वेगळे काढते, वेगळे लिहिते आणि पंधरा ऑगस्टला पाकिटात घालून देते. त्या पाकिटाची किंमत आतल्या रकमेच्या मानाने नगण्य राहिलेली नाही. देणाऱ्याची भावना निर्मळ होती, चूक होती ती फक्त लिहिण्यात. व्याज अपुरे पडू लागले तर काय करायचे, हे कोणीही लिहून ठेवले नव्हते.

म्हणून देणगीपत्रात किंवा न्यासपत्रात तीन गोष्टी असाव्यात. मुख्य उद्देश नेमक्या शब्दांत असावा, पण इतका नेमका नसावा की दहा वर्षांनी लाभार्थीच सापडू नये. ‘गावातील शाळेत दहावीला प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास’ असे लिहिण्याऐवजी ‘गावातील व त्याच्या वस्त्या-पाड्यांवरील गरजू विद्यार्थ्यांना माध्यमिक व त्यापुढील शिक्षणासाठी’ असे लिहिले, तर शाळा बंद पडली तरी निधी अडकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पर्यायी उद्देश: मूळ काम करणे अशक्य किंवा निरर्थक झाल्यास त्याच प्रकारच्या कोणत्या कामाकडे व्याज वळवावे आणि व्याज अगदीच कमी झाल्यास निधी कोणत्या समान निधीत विलीन करावा. ही तरतूद नसेल तर उद्देश बदलण्यासाठी पुढे कायद्याची वाट धरावी लागते आणि तीत वर्षे जातात. तिसरी गोष्ट म्हणजे निवड कोण करणार. देणाऱ्याच्या कुटुंबातील एखादी व्यक्ती समितीवर असावी, पण निर्णय एकट्या कुटुंबाच्या हाती नसावा. भाऊबंदकी वाढली की निधी सर्वांत आधी तिच्यात सापडतो.

लाभार्थी ठरवताना जात, भाऊबंद किंवा गल्ली यांची अट घालण्याचा मोह होतो. समाजाच्या वसतिगृहांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिने अनेकांना शिकवले, हे मान्य करूनही गावाच्या नावाने उभारलेला निधी सर्व गावाला खुला असावा, असे माझे मत आहे. एखाद्या समूहापुरत्या मर्यादित असलेल्या न्यासाला आयकर सवलतीतही अडचणी येतात, हे व्यावहारिक कारण त्यात जोडावे.

तिसरी पायरी : नवी संस्था काढायची की जुन्या संस्थेत निधी ठेवायचा

नव्या माणसाचा पहिला विचार आपला स्वतःचा न्यास काढण्याचा असतो. फार मोठी रक्कम नसेल तर सहसा तो करू नये. दरवर्षी हिशोब, लेखापरीक्षण, आयकर विवरणपत्र आणि सभा यांतील बरेचसे काम दोन लाखांच्या निधीलाही लागते आणि वीस लाखांच्या निधीलाही. लहान निधीचे व्याज त्यातच संपते.

आपल्या भागात नावारूपाला आलेली बरीच कामे देणाऱ्याचे नाव आणि अनेकांचा कारभार अशा जोडणीतून झालेली दिसतात. जळगावच्या जिल्हा वाचनालयाला वल्लभदास वालजी यांचे नाव आहे आणि १९४५ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला मूळजी जेठा यांचे. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे देशभरातील अभ्यासक येऊन राहिले आणि कापसाच्या बाजारपेठेच्या या गावातून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. धुळ्याचे उदाहरण वेगळे आहे. तेथे धनापेक्षा कागदपत्रांचा ठेवा मोठा होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्या मागे त्यांची दफ्तरे विखुरली नाहीत, कारण १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गोळा केलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पोथ्या, जुनी दफ्तरे, रोजनिशा यांचे दान हेही गावाला श्रीमंत करणारे दान आहे, परंतु ते स्वीकारणाऱ्या संस्थेकडे कपाट, वाळवीचा बंदोबस्त आणि यादी करणारा माणूस यांसाठी निधी असावा लागतो. पोथ्या देणाऱ्याने त्यासोबत थोडी रक्कमही द्यावी.

जुन्या संस्थेत निधी ठेवण्यापूर्वी तिची पारख करावी. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, उतारा काढावा. त्यावर विश्वस्त म्हणून जी नावे आहेत त्यांपैकी किती जण हयात आहेत, हे पाहिले तरी अर्धी परीक्षा होते. मी पाहिलेल्या एका उताऱ्यावर अकरापैकी आठ जण दिवंगत होते आणि संस्था मात्र जोमात चालू होती. कारभार ज्यांच्या हाती होता त्यांची नावे कोठेच नोंदलेली नव्हती. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागावेत. ते देण्यास टाळाटाळ झाली तर नमस्कार करून परत यावे.

चौथी पायरी : नोंदणी

नवी संस्था काढायचीच असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे न्यासपत्र करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करणे. हा कायदा १९५० चा असून पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते. दुसरी म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था स्थापन करणे. अशा संस्थेलाही आपल्या राज्यात पुढे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद करावीच लागते. न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला किंवा मालमत्तेत भर पडली तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बहुसंख्य संस्था याच ठिकाणी मागे पडतात. वाचनालय असेल तर त्याची ग्रंथालय अधिनियमाखालील मान्यता आणि अनुदान हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटावे.

पाचवी पायरी : देणगी मागणे आणि घेणे

संस्था नोंदणीकृत नसताना लोकांकडून निधी गोळा करू नये. तात्पुरत्या कामासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी मिळते, परंतु कायम निधी हे तात्पुरते काम नव्हे. नोंदणी झाल्यावर छापील क्रमांक असलेले पावती पुस्तक करावे आणि अकरा रुपये देणाऱ्यालाही पावती द्यावी.

मागण्याची वेळ शेतीच्या चक्राप्रमाणे ठरवावी. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या गावात ज्येष्ठ-आषाढात देणगी मागणे म्हणजे बियाण्याच्या पैशाला हात घालणे होय; कापूस विकला गेल्यावर तोच शेतकरी स्वतःहून बोलावतो. रावेर-यावलकडील केळीच्या पट्ट्यात बागांची कापणी पुढेमागे होत राहते, म्हणून तेथे वर्षभर थोडे थोडे मागता येते. एकरकमी मोठ्या आकड्यापेक्षा प्रमाण ठरवलेले बरे पडते. क्विंटलमागे दहा रुपये असे प्रमाण ठरले, तर वीस क्विंटल कापूस घरी आलेल्याला दोनशे रुपये द्यायला जड जात नाही, आणि ज्या वर्षी पिकले नाही त्या वर्षी न देण्यात त्याला लाजही वाटत नाही. पाटण्याच्या लेखातील पळीभर तेलाचे हेच तत्त्व आहे: घाणा चालला तर तेल, नाही चालला तर नाही. शंभर घरांतून आलेल्या वीस हजारांचा एका घरातून आलेल्या वीस हजारांपेक्षा फायदा असा की, त्या निधीच्या सभेला शंभर घरे प्रश्न विचारायला येतात.

कायम निधीसाठी दिलेल्या रकमेबरोबर देणाऱ्याचे एका ओळीचे सहीचे पत्र अवश्य घ्यावे: ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीसाठी देत आहे.’ असे लेखी निर्देश नसतील तर आयकराच्या दृष्टीने ती रक्कम चालू उत्पन्न ठरू शकते, आणि संस्थेला आपल्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशासाठी वापरावी लागते. जी रक्कम जपायची तीच खर्च करायची वेळ या एका कागदाअभावी येते.

देणाऱ्याला आयकरात वजावट मिळावी असे वाटत असेल तर संस्थेला आयकर विभागाची त्यासाठीची मान्यता हवी. लोक तिला ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखतात. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ही वजावट मिळत नाही, तसेच नवी कररचना निवडलेल्या दात्यालाही ती मिळत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या पावत्यांवरील छापील मजकूर सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय पुन्हा छापू नये.

गुप्तदानाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे त्याला मोठा मान आहे. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही भावना थोर असली तरी दात्याचे नाव-पत्ता नोंद नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की धर्मादाय संस्थेला त्यावर ३० टक्के दराने कर भरावा लागतो. यावर साधा उपाय असा की, नाव फलकावर किंवा अहवालात छापू नये, परंतु संस्थेच्या नोंदवहीत आणि पावतीवर ते पूर्ण लिहावे. दात्याला हे समजावून सांगितले की तो सहसा मान्य करतो.

परदेशातील नातेवाईकांविषयीही सावध असावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, तो गावच्या पाटलाचा नातू असला तरी त्याची देणगी घेण्यासाठी केंद्र शासनाची वेगळी नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. पासपोर्ट कोणता, हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, परंतु तो विचारावाच.

शेतजमीन देऊ करणारे दातेही भेटतात. सातबारावर संस्थेचे नाव लावणे वाटते तितके सोपे नाही. बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यावर कुळकायद्याचे निर्बंध आहेत आणि संस्था त्यात येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा, मग बक्षीसपत्र नोंदवावे. एकदा जमीन न्यासाची झाली की ती विकायला किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. तोंडी दान आणि ‘बाबांनी शाळेला दिली होती’ असे सांगणारे वारस यांच्यामध्ये किती तरी क्रीडांगणे अडकून पडली आहेत.

सहावी पायरी : पैसे कोठे ठेवायचे

जळगाव जिल्ह्यातील वाचकाला या पायरीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. काही वर्षांपूर्वी येथील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि निवृत्तीचे, लेकीच्या लग्नाचे, कापसाचे पैसे ठेवलेल्या हजारो ठेवीदारांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. आमच्या वाचनालयाचीही एक ठेव अशाच ठिकाणी होती. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज अधिक मिळते, चेअरमन ओळखीचे आहेत आणि कर्मचारी घरी येऊन पावती देतो, एवढ्या तीन कारणांनी ती ठेवली गेली होती. मुद्दलापैकी काही भाग नऊ वर्षांनी परत आला. व्याज आलेच नाही. ज्या सभेत ठेव ठेवण्याचा ठराव झाला तिच्या इतिवृत्तावर माझीही सही आहे.

सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा हे कायद्याने ठरवून दिले आहे. अनुसूचित बँका, टपाल बचत आणि सरकारी रोखे हे साधारण मार्ग आहेत. त्याबाहेर गुंतवायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. बँकेतील ठेवींना एका ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरले जाते. पतसंस्थांना हे संरक्षण नाही. त्यामुळे निधी मोठा झाला की तो एकापेक्षा अधिक बँकांत विभागावा. ठेव नेहमी संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या पॅन क्रमांकावर असावी. सचिवाच्या वैयक्तिक नावावर ‘सोयीसाठी’ ठेवलेली ठेव त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांची होऊ पाहते. खाते दोन सह्यांचे असावे आणि त्या दोन सह्या एकाच घरातील नसाव्यात.

सातवी पायरी : व्याज किती खर्चायचे

समजा निधी ३ लाख रुपये आहे आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळते. वर्षाला २१,००० रुपये हाती येतात. ते सर्व दरवर्षी खर्च केले तर आकडा तोच राहतो, पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर चौदा-पंधरा वर्षांत त्या २१,००० रुपयांत आजच्या निम्मेच काम होईल. शाळेच्या फलकावरील १,००१ रुपयांचे हेच झाले. म्हणून व्याजाचा एक तृतीयांश भाग, येथे ७,००० रुपये, पुन्हा मुद्दलात टाकावा आणि १४,००० रुपये खर्च करावेत. तेवढ्याने महागाईशी पूर्ण बरोबरी होत नाही. उरलेली झीज नव्या देणग्यांनी भरून काढायची असते. व्याजातील ८५ टक्के वापराच्या नियमाशी या शिल्लकीचा मेळ कसा घालायचा, हे लेखापालाकडून दरवर्षी मार्चपूर्वी समजून घ्यावे, मार्चनंतर नव्हे.

१४,००० रुपयांत सात विद्यार्थ्यांना दोन-दोन हजार द्यावेत की दोघांना सात-सात हजार? आम्ही अनेक वर्षे पहिला मार्ग धरला, कारण फोटोत मुले जास्त दिसत. दोन हजारांनी कोणाचेही शिक्षण अडलेले सुटले नाही. नंतर दोन मुलींच्या खोलीभाड्याची जबाबदारी घेतली तेव्हा त्या बारावीपर्यंत टिकल्या. मदतीचा आकार गरजेच्या आकाराएवढा असावा. ते जमत नसेल तर संख्या कमी करावी.

आठवी पायरी : अखाजीला हिशोब वाचा

कायद्याप्रमाणे वर्षअखेर ३१ मार्चला होते, लेखापरीक्षण होते आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. हे सर्व करावेच, परंतु गावाच्या दृष्टीने त्याने काहीच घडत नाही, कारण तो कागद गावातील कोणीही पाहत नाही. आमचा अनुभव असा की, हिशोब वाचण्यास अखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, दिवस नाही. त्या दिवशी आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपते आणि नवे ठरते, माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, सुरत-पुण्याची मंडळीही पोहोचलेली असतात. मार्च नुकताच संपलेला असल्याने आकडे ताजे असतात. झोके आणि गाणी ही दुपारची कामे. हिशोब सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्ध्या तासात उरकावा.

वाचताना संक्षेप करू नये. कोणाला किती दिले, कोणती ठेव कोणत्या बँकेत आहे, तिची मुदत केव्हा संपते, टपालखर्च किती आला, हे सर्व मोठ्याने वाचावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. विद्यार्थ्यांच्या गरिबीचे वर्णन मात्र जाहीरपणे करू नये. नावाऐवजी इयत्ता आणि रक्कम सांगितली तरी पुरते. पहिल्या वर्षी आमच्या सभेला अकरा माणसे होती आणि त्यातील नऊ कार्यकारिणीची होती. चौथ्या वर्षी एका माहेरवाशिणीने उठून विचारले की, मुलींसाठी ठेवलेल्या रकमेतून मुलांच्या स्पर्धेची बक्षिसे का दिली. उत्तर देताना अध्यक्षांना घाम फुटला, रक्कम परत वळती केली गेली, आणि त्या वर्षी देणग्या मागील तीन वर्षांच्या बेरजेहून अधिक आल्या. त्या बाईंनी स्वतः ५०० रुपये दिले होते, तेही पावती मागून.

नववी पायरी : माणसे बदलण्याची सोय

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड बागायतीची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी फडांमध्ये, म्हणजे शेतांच्या गटांमध्ये, विभागून आणि एका फडात एक पीक घेऊन शेतकरी ते पाणी आपसांत वाटून घेत. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या असे, आणि त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरीच देत. सामाईक काम आहे म्हणून ते कोणीतरी फुकट करील, असे त्या व्यवस्थेने गृहीत धरले नाही. आपल्या संस्थांमध्ये मात्र सर्व लिखापढी एखाद्या निवृत्त गुरुजींवर टाकली जाते आणि ते थकले की दप्तर थांबते. हिशोब लिहिणाऱ्याला थोडे का होईना मानधन ठरवावे. ते व्याजातून द्यावे आणि अहवालात उघडपणे दाखवावे.

विश्वस्तांची मुदत संस्थेच्या घटनेत लिहावी; पाच वर्षे ठीक. सर्वांची मुदत एकाच दिवशी संपू नये, अन्यथा जुने जाणारे आणि नवे येणारे यांच्यात कागद हरवतात. किमान दोन महिला आणि गावठाणाबाहेरील वस्तीतील एक जण असावा. नुसते नावापुरते घेतलेले विश्वस्त सभेत शेवटी सही करतात, म्हणून इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून मगच सह्या घ्याव्यात. विश्वस्ताने संस्थेसाठी कर्ज काढायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हे नव्या विश्वस्ताला पहिल्याच दिवशी सांगावे. बांधकामाच्या उत्साहात ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

दप्तर सोपवताना दोन्ही बाजूंनी यादीवर सह्या कराव्यात. त्या यादीत नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्राची मूळ प्रत, परिशिष्ट एकचा अलीकडचा उतारा, पॅन कार्ड, ठेवींच्या पावत्या, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तके त्यांच्या क्रमांकांसह, दात्यांची पत्रे, इतिवृत्ताची वही, आयकराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक हे सर्व असावे. शेवटची बाब जुन्या पद्धतीच्या माणसांना क्षुल्लक वाटते, परंतु तो क्रमांक बंद पडल्यामुळे आमचे एका वर्षाचे विवरणपत्र सात महिने रखडले. कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हेही त्याच यादीत लिहावे.